आधी काय लावलं होतं?

आमच्या पार्लरमध्ये दिवसातून तीनदा झाडू फिरतो. काळे, तांबडे, सोनेरी, बर्गंडी, सगळ्या रंगांचे केस सुपलीत भरून बाहेर जातात. किस्से मात्र तिथेच साचत राहतात. बावीस वर्षं झाली मी हे काम करतेय, आधी अकोल्यात, आता अमरावतीत. एवढ्या वर्षांत काय जमवलं म्हणाल, तर दुखरे गुडघे आणि ह्या गोष्टी! एक सांगायला घेतली की मागून दुसरी ढकलाढकली करत येते.

माझं काम तसं रिपेअरिंगचं. रंगवून रंगवून ज्यांच्या केसांची वाट लागली, ते माझ्याकडे येतात. सोबतीला मंगला. ती दर्यापूरकडची. हात इतका हलका की गिऱ्हाईक खुर्चीत झोपतं, आणि जीभ अशी की झोपलेलं दचकून उठतं!

खुर्चीत बसलेल्या माणसाला माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "आधी काय लावलं होतं?" आणि लोक बिनधास्त खोटं बोलतात हो! का बोलतात, याचं मला आजपर्यंत कुतूहल आहे. मी काय पोलीस आहे?

* * *

एकदा बँकेतल्या एक मॅडम आल्या. केस काळेभोर, आणि त्यांना हवा होता चॉकलेट ब्राऊन.

"आधी काय लावलं होतं?"

"मी फक्त नॅचरल मेंदी लावते. बाकी काही नाही."

माझी एक पद्धत आहे. कोणी काहीही सांगो, कानामागची एक बारीक बट कापायची, काचेच्या वाटीत रंग उतरवायचं मिश्रण घ्यायचं, त्यात ती बट सोडायची आणि वाट बघायची. मॅडमची बट सोडली. दोन मिनिटांत फेस आला. मग वाटी तापली. मग असा वास सुटला की बाहेर बसलेली बाई उठून आत डोकावली.

मंगलाने वाटी मॅडमपुढे धरली. "हात लावून पाहा बरं."

मॅडमनी बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. "म्हणजे हे माझ्या डोक्यावर झालं असतं?"

"आता सांगा, त्या पुडीवर काय लिहिलं होतं?"

"काळी मेंदी," मॅडम हळूच म्हणाल्या.

मी त्यांना समजावलं की मेंदीच्या पाल्याने केस काही काळे होत नाहीत. असल्या काही पुड्यांत धातूचे क्षार घातलेले असतात, आणि त्यावर ब्लीच पडलं की ते असं तापतं. मॅडम घाबरतील असं मला वाटलं होतं. कशाच्या घाबरतात! डोळे मोठे करून वाटीकडेच बघत बसल्या. "आणखी एक बट कापता का? मला परत बघायचंय!"

पुढच्या सोमवारी त्या हजर. हातात चार पाकिटं, प्रत्येकावर एकेक नाव, आत एकेक बट.

"आमच्या ब्रँचच्या बायका आहेत. चौघीही नॅचरल म्हणतात. होऊन जाऊ द्या!"

चारही वाट्या उकळल्या!

* * *

दुसऱ्या शोभाकाकू. चांदूर बाजारकडच्या. सोनेरी हायलाइट्स करून घेतल्या होत्या, आणि ओला केस ओढला की रबरासारखा लांबत होता. असा केस म्हणजे आतून पोकळ झालेला. मी म्हटलं, "काकू, याला प्रोटीन ट्रीटमेंट लागेल."

"प्रोटीन म्हंजे आमच्या सोयाबीनात असते थे?"

मी दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या गडबडीत होते. "हो हो, तेच," म्हणून मोकळी झाले. चूक माझी.

आठ दिवसांनी काकू डोक्याला टॉवेल गुंडाळून आल्या. सोयाबीन दळून आणलं, दह्यात कालवलं, डोक्यावर थापलं आणि मे महिन्यात गच्चीवर तीन तास बसल्या! टॉवेल सोडला तर केस जागचे हलेनात. मंगलाने बोटाने वाजवून पाहिलं. टक् टक् आवाज आला.

"माय वं! काकू, हे तं भिंत लिंपली तुमी!"

दोन तास कोमट पाणी आणि कंडिशनर. कोमटच बरं का, रंगवलेल्या केसांना कढत पाणी म्हणजे रंगाला स्वतः दार उघडून देणं. मंगला एकेक बट सोडवत होती आणि काकू बेसिनवर मान टाकून विचार करत होत्या. मधेच म्हणाल्या, "ताई, मले एक सांगा. तुमच्या डब्यात बी प्रोटीन, माह्या पातेल्यात बी प्रोटीन. मंग तुमचं केसात शिरते, अन् माहं वरच काहून बसते?"

प्रश्न इतका बरोबर होता की मी हात पुसून नीट सांगायला बसले. "काकू, आमचं फार बारीक केलेलं असतं. कण बारीक असला तरच केसात शिरतो."

काकूंनी बेसिनवरून मान उचलली. मग एकदम, "असं होय! म्हंजे दळण जाडं झालं!"

"काकू, हात जोडते," मंगला ओरडली, "आता चक्कीवर जाऊ नोका!"

* * *

खारपाणपट्ट्यातल्या एका सुनेचं असंच. लग्नात केसांना छान लालसर रंग दिला होता मी. तीन महिन्यांत केस सुतळी झाले. बरोबर सासूबाई आल्या होत्या, तावातावाने.

"कसला रंग लावला तुमी? पोरीचे केस पाहा!"

मी पाण्याचं विचारलं. घरची बोअर, पाणी खारं, साबणाला फेस येत नाही. म्हटलं, बाई, रंगाचा दोष नाही, तुमच्या पाण्यातला खार केसांवर बसतोय. साधा सौम्य शाम्पू वापरा आणि शेवटचे दोन तांबे तरी प्यायच्या कॅनचं पाणी घ्या.

सासूबाई कडाडल्या. "पयलेच सांगतो, ह्ये नाटकं आमच्या घरी चालत नाहीत! जनमभर आमी त्याच पाण्यानं न्हालो. आता सूनबाईच्या डोक्याले आरोचं पाणी?"

दोन महिन्यांनी दोघी परत आल्या. सुनेचे केस बरेच सुधारले होते. पण मी बघतच राहिले ते सासूबाईंच्या केसांकडे. मऊ, मोकळे, चमक आलेली!

"काकू, तुमच्या केसांना काय लावलं?"

"काई नाही बाप्पा. मी काय लावनार?"

मागून सून शांतपणे म्हणाली, "ताई, आजकाल घरी दोन कॅन लागतात."

* * *

मंगलाच्या जिभेबद्दल मला कायम धास्ती असायची. एकदा पुण्याहून माहेरी आलेली एक मुलगी आली. आयटीवाली, इंग्रजीत बोलणारी, केसांत निळा, जांभळा आणि कुठेकुठे हिरवट असे तीन रंग. मी फोनवर होते, म्हणून मंगलाने केस हातात घेतले आणि बघताक्षणी म्हणाली, "काय करून राहिली वं तू हे? पुरा खराटा झाला!"

मी फोन तसाच टाकून धावले. मुलीचे डोळे भरलेले. मी सॉरी म्हटलं, चहा मागवला, मंगलाकडे डोळे वटारले. मुलगी हुंदके देत म्हणाली, "नाही नाही, त्यांना बोलू द्या."

"अहो, पण..."

"पुण्यात तीन सलोन झाले. सगळे म्हणतात, 'थोडेसे ड्राय वाटतायत, आपण एक सेशन अजून करू या.' एक वर्ष झालं! खराटा झालाय हे मला कोणी सांगितलंच नाही!"

मंगलाने खालचे चार बोटं केस सरळ कापून टाकले. "ह्ये गेलेले. याले औषध नाही. वरचे वाचवू." सहा महिने ती मुलगी दर दीड महिन्याला पुण्याहून येत होती. अपॉइंटमेंटसाठी फोन करायची, मी उचलला की म्हणायची, "शिव्या देणाऱ्या ताई आहेत का?"

मी बावीस वर्षं गोड बोलून धंदा करते हो. मला काही असं कोणी पुण्याहून विचारलं नाही!

* * *

आता मास्तरीणबाई. परतवाड्याजवळच्या शाळेत शिकवायच्या, अमरावतीहून रोज बसने जाऊन येऊन. चाळिशीच्या, एकट्या राहणाऱ्या, अगदी टापटीप. तक्रार अशी की रंग एकाच बाजूचा उडतो. डावी बाजू गडद तपकिरी, उजवी बाजू गवतासारखी पिवळट.

मला वाटलं माझीच चूक. पुन्हा दोन्हीकडे मोजून सारखा रंग लावला. दोन महिन्यांनी परत तेच. उशी बदलली, कूस बदलायला सांगितली, फोन कोणत्या कानाला लावता तेही विचारलं. काही उलगडेना. मी घरी स्वयंपाक करतानाही त्या उजव्या बाजूचाच विचार करत होते.

शेवटी विचारलं, "बाई, बसमध्ये कुठे बसता?"

"उजवीकडच्या खिडकीत. पहिल्या दिवसापासून."

मी कागद घेतला. सकाळी बस उत्तरेला जाते, सूर्य पूर्वेला, म्हणजे उजव्या हाताला. संध्याकाळी बस दक्षिणेला येते, सूर्य पश्चिमेला, म्हणजे परत उजव्याच हाताला! जाताना ऊन तिकडून, येताना ऊन तिकडून. मला इतका आनंद झाला की मी तो कागद मंगलाला दाखवला, गिऱ्हाइकांना दाखवला, चहावाल्यालाही दाखवला.

"बस्स, मंग डाव्या बाजूले बसत जा," मंगला म्हणाली.

बाई घुटमळल्या. "डाव्या खिडकीत आमच्याच शाळेतले एक सर बसतात. त्यांचीही जागा पहिल्यापासून तीच. उठा कसं म्हणणार?"

"मंग डोक्याले दुपट्टा बांधा."

तीन महिन्यांनी बाई आल्या. केस दोन्हीकडून एकसारखे, काय सुंदर दिसत होते! मी म्हटलं, "दुपट्टा बांधला वाटतं?"

"नाही. डावीकडे बसते आता."

"अन् सर कुठी बसतात?" मंगलाने विचारलं.

बाईंनी पर्समध्ये उगाचच काहीतरी शोधलं.

"शेजारी."

* * *

शेवटचा किस्सा मी फार ठिकाणी सांगत नाही, कारण त्यात चूक कोणाची ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

अकोल्याची प्रणाली माझी जुनी गिऱ्हाईक. तिचं लग्न ठरलं. तिला दोन मामा, सख्खे भाऊ. मोठे वसंतमामा, रिटायर्ड मास्तर, राहायला अमरावतीत, केस कुळकुळीत काळे. अठरा वर्षं घरीच रंग कालवून लावायचे. धाकटे सुरेशमामा हिवरखेडला शेती करतात. चार वर्षांनी लहान, पण डोकं पांढरंशुभ्र.

साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, मुलाकडच्यांनी मामांचा मान म्हणून शेले आणले होते. पहिला शेला मोठ्या मामांना, दुसरा धाकट्यांना, ही रीत. मुलाच्या काकांनी दोघांची डोकी पाहिली, पहिला शेला सुरेशमामांच्या गळ्यात टाकला आणि वसंतमामांकडे वळून म्हणाले, "या, आता लहान मामा!"

सगळे हसले. वसंतमामा न जेवता निघून गेले. त्या दिवसापासून भावाशी बोलणं बंद.

लग्नाला सव्वा महिना उरला असताना ते माझ्यापुढे येऊन बसले. "ताई, मले पांढरं करून द्या."

मला ऐकूनच हसू आलं. "मामाजी, लोक माझ्याकडे उलटं काम घेऊन येतात!"

ते हसले नाहीत. "न्हाव्याकडे गेलो होतो. थो म्हने सारं डोकं चकोट करा. आता भाचीच्या लग्नात चकोट करून जाऊ काय? लोक इचारतीन, कोन गेलं म्हनून!"

"अहो, मग मुलाकडच्यांना सांगून टाका ना कोण मोठं ते."

"सांगून भेटलेला मान मले नाही पाह्यजे. दिसला पाह्यजे." मग आवाज खाली आला. "शेल्याचं काय हो, कपाटात धा पडले हायेत. पन सुऱ्यानं मान पुढं केली! त्याले म्या पाठीवर बसवून शाळेत नेलं. रोज संध्याकाळी आमी फोनवर बोलत होतो. आता संध्याकाळ झाली का मी फोन उलटा करून ठेवतो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्याले समजू नोका देऊ, मी इथं येऊन गेलो थे."

अठरा वर्षांचा काळा रंग उतरवणं म्हणजे खेळ नाही. एका दमात केलं तर केसच हातात येतील. थोडं उतरवायचं, आठ दिवस थांबायचं, मास्क लावून केसांना जीव द्यायचा, मग पुन्हा थोडं. पहिल्या खेपेला डोकं विटकरी झालं, दुसऱ्या खेपेला नारिंगी. मामा सव्वा महिना डोक्याला दुपट्टा बांधून फिरले. उन्हाळ्याचे दिवस, अमरावतीत कोण विचारतं! शेवटी जांभळा टोनर लावून पिवळेपणा मारला आणि असे रुपेरी केस निघाले की मंगलासारखी बाई गप्प झाली.

लग्नाच्या तीन दिवस आधी मी प्रणालीच्या केसांची ट्रायल घ्यायला अकोल्याला तिच्या घरी गेले, ती लग्नापर्यंत तिथेच राहिले. मागच्या अंगणात हात धुत होते, तर सुरेशमामा इकडेतिकडे बघत जवळ आले.

"ताई, तुमच्या पेटीत काळा रंग असंन नं? मले काळं करून द्या."

मी पाणी तसंच वाहू दिलं. "काहून?"

"थो शेला गळ्यात पडला तवा माह्या तोंडात बुंदी होती. गिळेपर्यंत फोटो बी निंघाला! दादा तवापासून फोन उचलत नाही. दोनदा अमरावतीले गेलो, दार उघडलं नाही. म्या लहान हावो, थे लोकायले दिसलं पाह्यजे, बस. दादाले सांगू नोका. त्याले वाटंन म्या नाटक करून राहिलो."

माझा धंद्याचा नियम आहे, एका खुर्चीतलं दुसऱ्या खुर्चीत न्यायचं नाही. आणि खरं सांगू? मला आनंदच झाला. मोठा पांढरा, धाकटा काळा, आता शेला चुकतो कसा! कानामागे रंगाचा थेंब लावून दोन दिवस पाहिलं, खाज नाही, पुरळ नाही. तिसऱ्या दिवशी अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून मामांना कुळकुळीत करून टाकलं.

लग्नाच्या दिवशी नवरीचे केस लवकर आटोपले आणि मी मुद्दाम मंडपाच्या दाराशी जाऊन उभी राहिले. मला बघायचंच होतं! फेटेवाला अजून आला नव्हता. वसंतमामा थेट अमरावतीहून आले, कडक इस्त्रीचा शर्ट, उघडं रुपेरी डोकं. सुरेशमामा आचाऱ्याकडून हात पुसत आले. दोघं रांगेत शेजारी उभे राहिले. बोलणं बंद असल्यामुळे दोघांनीही समोरच बघायचं ठरवलं होतं.

वऱ्हाडी आले. मुलाचे काका शेल्यांचं ताट घेऊन पुढे झाले आणि माझ्या अगदी जवळून जाताना आपल्या मेहुण्याला म्हणाले, "मांगच्या वेळी लय घोळ झाला, मंग कोनीतरी सांगितलं. आता पक्कं ध्यानात ठेवलं. काळ्या केसाचे थे मोठे!"

 मी तोंड उघडलं, तेवढ्यात बँड सुरू झाला. काका वसंतमामांना ओलांडून पुढे गेले, पहिला शेला सुरेशमामांच्या गळ्यात टाकला आणि बँडच्याही वर ओरडले, "मोठे मामा, मान घ्या!"

सुरेशमामांचा चेहरा असा झाला की मला रडू येईल असं वाटलं. वसंतमामांनी मान वळवली. तीन महिन्यांत पहिल्यांदा भावाकडे पाहिलं. खालपासून वर, आणि नजर केसांवर थांबली. सुरेशमामाही त्यांच्या डोक्याकडे बघत राहिले, तोंड उघडं टाकून.

वसंतमामा एक पाऊल पुढे आले. भावाच्या केसांतून हात फिरवला, बट चिमटीत धरून चोळून पाहिली.

"काहून बे सुऱ्या, हे कोनाकडून करून घेतलं?"

"दादा," सुरेशमामांनी त्यांच्या डोक्याकडे बोट केलं, "अन् तू कोनाकडून?"

आणि दोघं एकदमच माझ्याकडे वळले.